काउंट कमी आलाय, घाबरायचं किती?

नाही गं, ल्युकोपेनिया म्हणजे ब्लड कॅन्सर नाही. तो ल्युकेमिया. त्यात पांढऱ्या पेशी बिघडतात आणि बऱ्याचदा बेसुमार वाढतात. तुझ्या रिपोर्टवर जे छापून आलंय त्याचा अर्थ एवढाच, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा कमी भरल्या. हे आजाराचं नाव नाही. मशीनने मोजलं, कमी आलं, लॅबवाल्याने लिहिलं. कमी का आलं, हे त्या कागदाला माहीत नसतं.

आता तुझा आकडा बघू. मोठ्या माणसात एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. तुझ्या २,९०० आल्यात. कमी आहेत, हे खरं. पण आकड्यासमोर ठळक खूण दिसली म्हणून रात्रभर डोळा लागू द्यायचा नाही, असं त्यात काही नाही. बत्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचं एवढं तरी ऐक.

आणि वाड्यात सगळ्यांना सांगत सुटलीस ना, ‘माझ्या पेशी कमी झाल्यात’? आपल्याकडे पेशी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे प्लेटलेट येतात. लगेच कोणी पपईच्या पानांचा रस घेऊन येतं, कोणी रक्तपेढीचा नंबर देतं. प्लेटलेट वेगळ्या, त्या रक्त गोठायला लागतात. तुझ्या एक लाख चाळीस हजार आहेत, किंचित कमी. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, आणि त्यांची पिशवी लावून काउंट वाढवायची पद्धत प्लेटलेटसारखी रोजची नाही. तेव्हा त्या पपईवाल्या काकूंना चहा पाज आणि रस परत पाठव.

आता त्याच रिपोर्टवर एक-दोन ओळी खाली ये. तिथे न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट अशी टक्केवारी असते. लोक वरचा एकूण आकडा वाचतात आणि कागद घडी घालून ठेवतात. खरी गोष्ट खालीच असते. जिवाणूंवर पहिली धाड घालतात त्या न्यूट्रोफिल पेशी. तुझे न्यूट्रोफिल ४२ टक्के आहेत. २,९०० चे ४२ टक्के म्हणजे १,२१८. डॉक्टर या आकड्याला एएनसी म्हणतात. तो १,५०० च्या वर असला की निर्धास्त. १,००० ते १,५०० म्हणजे सौम्य घट, ५०० ते १,००० मध्यम आणि ५०० च्या खाली गेला तर गंभीर. तू सौम्य गटात आहेस. एरवी धडधाकट असलेल्या बाईला चार दिवसांच्या तापानंतर असं झालेलं मी शेकडो वेळा पाहिलंय.

कारणही फार लांब शोधायला नको. पाऊस उतरणीला लागला, कुंडलिकेच्या दोन्ही काठांना डबकी साचली, आणि तुझ्या ओटीवरच्या त्या निळ्या पिंपाला अजून झाकण नाही. (मागच्या खेपेला बोलले होते मी.) डेंग्यूच्या तापात पांढऱ्या पेशी आधी घसरतात, प्लेटलेट मागून. म्हणून तुझ्या डॉक्टरांनी एनएस-१ ही डेंग्यूची तपासणी सांगितली असणार. पहिल्या काही दिवसांत ती उपयोगी पडते. टायफॉइडमध्येही पांढऱ्या पेशी कमी येतात. लेप्टोस्पायरोसिसमध्ये, म्हणजे आपण लेप्टो म्हणतो त्यात, मात्र त्या बहुधा वाढतात, निदान कमी होत नाहीत. आपल्या रायगडात भातखाचरात गुडघाभर पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाला डेंग्यूही होऊ शकतो आणि लेप्टोही, सुरुवातीचा ताप-अंगदुखी दोन्हीत सारखीच. मग हा साधा, स्वस्त सीबीसी, म्हणजे पेशी मोजायची तपासणी, डॉक्टरांना कुठल्या बाजूने विचार करायचा ते सुचवतो. निदान एवढ्यावर करत नाहीत, पण दिशा मिळते. तू खाचरात उतरली होतीस का, पायाला जखम होती का, हे त्यांनी विचारायच्या आधी तूच सांग.

ताप उतरला की लगेच उठून कामाला लागू नकोस. डेंग्यूत खरी जपायची वेळ ताप उतरताना येते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून गेल्यासारखी सुस्ती, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखान्यात. पाणी, पेज, ताक, नारळपाणी घेत राहा. तापाला पॅरासिटामॉल चालेल, तेही सांगितलं तेवढंच. अंग दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नकोस. आणि ‘पेशी वाढवायला’ कोणी अँटिबायोटिक देत असेल तर विचार, कशासाठी? विषाणूच्या तापात घसरलेला काउंट ताप गेल्यावर आपसूक वर येतो. एक-दोन आठवड्यांत पुन्हा तपासलं की कळतं.

पुन्हा तपासूनही कमीच राहिला, तर मात्र शोध घ्यायचा. ‘तुमची प्रकृतीच तशी’ म्हणून कोणाला तोंडाला पानं पुसू देऊ नकोस. डॉक्टर थायरॉइडबद्दल, सांध्यांबद्दल विचारतील, कदाचित एचआयव्हीची तपासणीही सांगतील. त्यात अपमान वाटून घ्यायचा नाही. यादीतली एक-एक शक्यता खोडत जायची ही रीत आहे. तुझ्या नवऱ्यासारखं धाटावच्या एमआयडीसीत रसायनांत काम करणारं माणूस असेल, तर आपण नेमकं काय हाताळतो ते सांगायला हवं. बेन्झीनसारखी द्रव्यं अस्थिमज्जेला, म्हणजे या पेशी जिथे तयार होतात त्या हाडांतल्या गराला, मारक असतात हे फार जुनं ठाऊक असलेलं सत्य आहे. कारखान्यातली वार्षिक तपासणी नुसती सही करून उरकू नये, असं त्यालाही सांग.

बी-१२ आणि फोलेट कमी पडलं तरी पांढऱ्या पेशी घटतात. आपण फक्त हिमोग्लोबिनकडे बघतो, पण मज्जेत तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट एकाच घरात वाढतात. उपास पडला तर तिघांनाही पडतो. यातल्या फोलेटची गोष्ट आपल्या मुंबईतलीच आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये रक्तक्षय फार आणि त्यात त्या दगावत, म्हणून तिने परळच्या हाफकिन संस्थेतून शोध सुरू केला. त्या काय खातात हे बघितलं, माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाच्या त्या काळ्या चाटणाने, बायका सुधारतात हे १९३१ मध्ये जगाला सांगितलं. त्या अर्कात जे होतं त्याला पुढे फोलिक ॲसिड नाव मिळालं. आज आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी लोह-फोलिकची गोळी ठेवते, तिचा एक धागा गिरणगावातल्या त्या बायकांपर्यंत जातो. नावं त्यांची कुणी लिहून ठेवली नाहीत.

याच फोलिकचं दुसरं टोक तुझ्या घरात आहे. सासूबाईंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे ना? आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत फोलिक ॲसिडला अडवणारी जी औषधं तयार झाली, त्यांतलंच हे. मोठ्या डोसात कॅन्सरसाठी देतात, अगदी छोट्या डोसात संधिवातासाठी. आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. नीट ऐक, रोज नाही, आठवड्यातून एकदा. मी वॉर्डात अशी म्हातारी माणसं पाहिलीत, ज्यांनी इतर गोळ्यांबरोबर हीही रोज घेतली, तोंडभर फोड आले, घास गिळवेना, आणि काउंट काढला तर एक हजाराच्या आत. सासूबाईंच्या पाकिटावर जाड पेनाने ‘फक्त सोमवार’ असं लिही. डॉक्टरांनी वेगळ्या दिवशी फोलिकची गोळी सांगितली असेल, ती चुकवायची नाही. त्यांचा सीबीसी शेवटचा कधी झाला तेही बघ. थायरॉइड जास्त असणाऱ्यांना देतात त्या कार्बिमॅझोलचंही असंच. फार क्वचित, शेकड्यात एकालाही नाही, पण काहींच्या न्यूट्रोफिल एकदम तळाला जातात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. त्या गोळीवर असताना घसा दुखून ताप आला तर मिठाच्या गुळण्या करत बसायचं नाही. गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं आणि डॉक्टरांना गाठायचं.

आता खरं बोलायचंय ते तुझ्या धाकट्या जावेबद्दल. तिचाही रिपोर्ट तू बरोबर पाठवलास आणि खाली लिहिलंस, ‘हिलाही तेच झालंय, ल्युकोपेनिया’. तेच नाही गं झालेलं. तिची दुसरी केमो होऊन दहावा दिवस आहे. एकूण १,४००, न्यूट्रोफिल २० टक्के. म्हणजे २८०. कागदावर दोघींच्या नावापुढे एकच शब्द छापलाय, पण तुला आराम पुरे आणि तिला पहारा हवा.

असं होणार हे तिची केमो चालू आहे त्या खारघरच्या डॉक्टरांना आधीच माहीत होतं, त्यामुळे तिला ‘तुझा आजार वाढला’ असं कोणी म्हणू नये. केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा, केसांच्या मुळाशी असलेल्या तशा, आणि मज्जेतल्याही तशाच. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, पण न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस. मज्जा रोज अब्जावधी नव्या पाठवते म्हणून आपण उभे असतो. तो पुरवठा आटला की आधी याच संपतात. बहुतेक औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या मधे काउंट तळाला जातो आणि मग चढतो. प्रत्येक सायकलमध्ये हे दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा, म्हणजे घरातल्यांना कधी जपायचं ते कळेल.

५०० चा आकडाही कोणी हवेतून काढलेला नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांचे काउंट आणि जंतुसंसर्ग शेजारी शेजारी मांडून पाहिले. हजाराच्या खाली धोका वाढू लागतो, पाचशेच्या खाली झपाट्याने, आणि जितके जास्त दिवस काउंट तळाला तितका जास्त, हे त्यातून दिसलं.

जावेच्या बाबतीत फसवणारी गोष्ट ही, की संसर्ग झाला तरी दिसत नाही. जखमेत पू होतो तो मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलचाच. त्या नसल्या की पू नाही, सूज बेताची, घसा स्वच्छ दिसतो, छातीचा एक्सरेही कधी कधी कोरा येतो. ताप हीच काय ती खूण. म्हणून तिच्यासाठी चांगला डिजिटल थर्मामीटर आण आणि तो तिच्या उशाशीच राहू दे. हात लावून ‘अंग कोमट लागतंय’ हे चालणार नाही. १००.४ दाखवलं की फोन. १०१ ला पोचायची वाट बघायची नाही. थंडी वाजून हुडहुडी भरली आणि थर्मामीटर नॉर्मल दाखवत असेल, तरीही फोन. आणि आधी क्रोसिन देऊन ‘बघू उतरतो का’ असं अजिबात करू नका. ताप दबतो, जंतू आत वाढत राहतात. हॉस्पिटलात पोचल्यावर अशा रुग्णाला तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं असा नियम आहे, इतकी घाई असते.

आणि इथेच आपलं रोह्याजवळच्या अष्टमीत राहणं मधे येतं. परळला राहणाऱ्या बाईला टॅक्सी करून टाटाला जाता येतं. तुम्ही रात्री दोन वाजता काय करणार? हा प्रश्न रात्री दोनला सोडवायचा नसतो, आज दुपारी सोडवायचा. खारघरला पुढच्या वेळी गेलात की थेट विचारा, ‘आम्ही रोह्याहून येतो, रात्री ताप आला तर पहिला डोस जवळ कुठे घ्यायचा?’ हा प्रश्न त्यांना नवा नाही, कोकणातून आणि घाटावरून येणारे सगळे विचारतात. ते कागदावर लिहून देतील, ते पत्र फाइलच्या पहिल्या पानाला लावा. रोह्यात किंवा अलिबागला कोणाकडे शिरेतून औषध सुरू होऊ शकतं ते आधी जाऊन बघून या. केमोचा रुग्ण पाहून ‘आम्ही हात लावत नाही, मुंबईला न्या’ म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यात जाणारे दोन तास तिच्याकडे नसतील. १०८ ची गाडी फुकट आहे, तो नंबर तर सगळ्यांना पाठच. पण नाक्यावरच्या एखाद्या गाडीवाल्याशीही बोलून ठेव, रात्री उठेल असा. हायवेचा भरवसा धरून वेळेचा हिशेब करू नका.

काउंट वाढवायचं इंजेक्शन लिहून दिलं असेल. ते मज्जेला ‘न्यूट्रोफिल बनवा’ असा निरोप देतं. १९९१ पासून जगभर वापरात आहे आणि आता आपल्याकडच्या कंपन्याही बनवतात, म्हणून पहिल्यापेक्षा परवडतं. सरकारी योजनेत बसतं का, हे तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. केमो संपल्यावर निदान चोवीस तास जाऊ देतात, मग कातडीखाली देतात, एक तर रोज छोटं किंवा सायकलला एकदा मोठं. ते फ्रिजच्या दाराशी नाही, आतल्या कप्प्यात ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. पनवेलहून गाडीत बसताना बर्फाच्या डब्यात घालाल, तर मधे रुमालाची घडी ठेवा, थेट बर्फावर नको. ते घेतल्यावर कंबर, मांड्या ठणकतात. मज्जा जागी झाल्याची ती खूण. तिला आधी सांगून ठेवलंत तर ती बिचारी आजार हाडांत गेला म्हणून रडत बसणार नाही.

खाण्याबद्दल तुमच्या घरात दोन पक्ष पडलेत असं कळलं. सासूबाई म्हणतात फळ नको, दीर म्हणतो फळांशिवाय रक्त कसं वाढेल. पूर्वी आम्ही पण वॉर्डात सगळं कच्चं बंद करायचो. नंतर जे अभ्यास झाले, त्यात कच्ची फळं-भाज्या कडकडीत बंद केल्याने संसर्ग कमी झाले असं काही दिसलं नाही. त्यामुळे भर स्वच्छतेवर आहे. केळं, संत्रं, मोसंबं असं सोलून खायचं फळ धुऊन, हात धुऊन, घरी सोलून द्या. पाणी उकळलेलं. जेवण ताजं, वाफ निघणारं. मासे आवडतात तर चांगले शिजवून खुशाल द्या, माशाच्या कालवणानं काउंट पडत नाही. बाहेरची पाणीपुरी, गाड्यावरचा बर्फगोळा, कापून ठेवलेली फळं, काल रात्रीचा भात हे नको. डाळिंब-बीट खाऊ दे, पोटाला बरं, पण त्याने न्यूट्रोफिल वाढतात या आशेवर राहू नका. गुळवेलीचा काढा मात्र बंद. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनीच गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदवले होते, आणि केमोत यकृत आधीच थकलेलं असतं.

तिला या दिवसांत अंगण सारवू देऊ नका. शेणमातीत हात नको, तुळशीची माती उकरणं नको, गोठा नको. दात मऊ ब्रशने. बद्धकोष्ठ झालं तर गुदद्वारातून औषध किंवा एनिमा घरच्या घरी द्यायचा नाही. गल्लीतल्या डॉक्टरकडून शक्तीचं इंजेक्शन कमरेत टोचून घ्यायचं नाही, प्लेटलेटही कमी असल्या तर तिथे रक्त साकळतं. धावीर महाराजांच्या पालखीच्या गर्दीत या वर्षी तिने शिरू नये. दर्शन लांबून घेऊ दे. थंडीत पोपटी लागेल तेव्हा तिला वाटा नक्की ठेवा. मडक्यात वाफेवर शिजलेले वाल आणि अंडी गरमगरम खायला काय हरकत आहे? फक्त भांबुर्ड्याचा पाला तोडायला आणि मडकं उकरायला तिला नेऊ नका. त्या वेळचा काउंट बघून तिच्या डॉक्टरांना एकदा विचारा म्हणजे झालं.

आणि भेटायला येणारे. हे सगळ्यांत अवघड, मला ठाऊक आहे. खोकणाऱ्या आत्याबाईंना दारातून परत कसं पाठवायचं? तू वाईटपणा घे. जावेला बोलता येणार नाही, सासूबाई बोलणार नाहीत. तू म्हण, ‘डॉक्टरांनी सांगितलंय, चौदाव्या दिवसानंतर या’. डॉक्टरांच्या नावावर बरंच खपतं. पण तिला खोलीत एकटी कोंडूही नका. ज्याला सर्दी नाही, ज्याने हात धुतलेत, त्याने जवळ बसावं, गप्पा माराव्यात. तिची मुलगी तिच्या कुशीत झोपत असेल तर झोपू दे, मुलीला ताप-खोकला नसला की पुरे. काउंट वेळेवर चढला नाही तर पुढची केमो आठवडाभर लांबवतात किंवा डोस थोडा कमी करतात. त्यालाही घाबरायचं नाही, असं बऱ्याच जणांचं होतं.

तू स्वतःचा सीबीसी पुढच्या सोमवारी कर, त्याच लॅबमध्ये, म्हणजे मशीन बदलल्याचा घोळ नको. आकडा ३,५०० आला आणि तू भाकरी थापत असलीस तर मला कळवायचीही घाई नाही. जावेचा मात्र आज संध्याकाळचा ताप किती, तो सातच्या आत कळव. आणि त्या निळ्या पिंपाला झाकण लाव.